तीन रुपयांची दुपार, सात रुपयांची संध्याकाळ

मे महिन्यातली दुपार. नांदेडचं ऊन, म्हणजे जास्त सांगायला नको. आमच्या गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर आहे, सहा पॅनल. ‘पीएम सूर्यघर’ योजनेचं ७८ हजारांचं अनुदान खात्यात जमा झालं त्या दिवशी बाबांनी गल्लीत पेढे वाटले होते. तर त्या दुपारी दीड वाजता, सूर्य बरोबर डोक्यावर असताना, लाइट गेली. कूलर बंद, वाय-फाय बंद, माझी ऑफिसची मीटिंग बंद. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, “सोलर बसवून बी लाइट जायलीय का रे तुमची?”

जाते, काकू. नेट मीटरवालं साधं सोलर ग्रिडच्या जिवावर चालतं. ग्रिड बंद पडलं की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. नाहीतर आमच्या गच्चीवरची वीज बंद लाइनीत शिरेल आणि डीपीवर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. त्यामुळे वर सहा पॅनल तापत पडलेले आणि खाली आम्ही पुठ्ठ्याने वारा घेत बसलेलो.

शेवटी कोण धावून आलं? जिन्याखालच्या ट्रॉलीवरची जुनी बॅटरी. दर दोन-तीन महिन्यांनी जिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं आई मला आठवण करून देते, ती. त्या दुपारी मी तिचा हिशोब मांडला, आणि आपल्याला ‘स्वस्त सोलर’ म्हणून जे सांगितलं जातं त्यातला न सांगितलेला भाग तिथेच सापडला.

जिन्याखालचा हिशोब

१५० अँपिअर-अवर, १२ व्होल्ट. म्हणजे १.८ युनिट. पूर्ण रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून वापरायला मिळतं साधारण एक युनिट. किंमत धरू १५ हजार, आयुष्य धरू चार वर्षं. रोज एक युनिट वापरलं तर चार वर्षांत १,४६० युनिट होतात. म्हणजे युनिटमागे दहा रुपयांच्या वर, फक्त बॅटरीचे. चार्जिंगची वीज वेगळी.

आता समजा लाइट आठवड्यातून एकदाच जाते. मग चार वर्षांत २०८ युनिट. युनिटमागे ७२ रुपये!

हे नीट बघा. बॅटरी तीच, पैसे तेच. लाइट कमी गेली, म्हणजे परिस्थिती सुधारली, आणि बॅकअपचं युनिट सातपट महागलं. कारण बॅकअपमध्ये आपण वीज विकत घेत नाही. कुणीतरी तयार उभं राहावं, याचे पैसे देतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आमच्याकडे याला ऑन-कॉल म्हणतात. रात्री काही बंद पडलं नाही तरी ज्याची पाळी आहे तो फोन उशाशी घेऊनच झोपतो. मुख्य सर्व्हर पडला तर म्हणून दुसरा सर्व्हर वर्षभर नुसता चालू ठेवतो आणि दर महिन्याला त्याचं बिल भरतो. कुठलाही शहाणा इंजिनिअर ग्राहकाला किंमत सांगताना हा दुसरा सर्व्हर लपवत नाही.

आपलं ऊर्जाखातं मात्र लपवतं. माझं भांडण एवढ्यासाठीच आहे.

दुपारचा भाव, चोवीस तासांची जाहिरात

२०२३ मध्ये ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ आली. गावाजवळच्या गायरानावर, पडीक जमिनीवर सोलर प्रकल्प उभारायचे, ती वीज जवळच्या सबस्टेशनला द्यायची आणि शेतीचे फीडर दिवसा चालवायचे. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला तीन मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. योजनेचं लक्ष्य १६ हजार मेगावॅटपर्यंत गेलं. या विजेचा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास, आणि प्रत्येक भाषणात, प्रत्येक होर्डिंगवर हाच आकडा.

आकडा खोटा नाही. पण तो दुपारचा आकडा आहे. मंडईत रात्री नऊ वाजता उरलेली कोथिंबीर पाच रुपयाला जुडी मिळते, म्हणून ‘आमच्या शहरात कोथिंबीर पाच रुपये’ अशी पाटी लावण्यातला हा प्रकार. विजेचा बाजारही असाच चालतो. पॉवर एक्सचेंजवर २०२५ च्या मे महिन्यात काही वेळा दुपारी भाव शून्याच्या जवळ गेला. त्याच एक्सचेंजवर सूर्य मावळल्यावर मागणी चढली की भाव दहा रुपयांच्या सरकारी कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. दुपारचं युनिट आणि रात्री आठचं युनिट हे वेगवेगळे माल आहेत, एका नावाने विकले जाणारे.

मग दुपारची वीज साठवून रात्री वापरू, असं तुम्ही म्हणाल. बरोबर, आणि तेही स्वस्त होतंय. २०२२ मध्ये केंद्राच्या सेकी या कंपनीच्या मोठ्या बॅटरी टेंडरमध्ये दर आला होता मेगावॅटमागे महिन्याला १०.८३ लाख रुपये. २०२५ मध्ये दोन तास चालणाऱ्या बॅटरीचे दर सव्वादोन लाखांच्या आसपास उतरले. तीन वर्षांत पाचव्या हिश्श्यावर. टाळ्या वाजवाव्यात असंच आहे.

पण टाळ्या वाजवून झाल्यावर भागाकार करा. एक मेगावॅट, दोन तास, म्हणजे रोज दोन हजार युनिट. महिन्याला ६० हजार. २ लाख २० हजार भागिले ६० हजार, म्हणजे युनिटला ३ रुपये ६७ पैसे नुसतं भाडं. शिवाय बॅटरीत शंभर युनिट घातले तर पंच्याऐंशीच्या आसपास परत मिळतात, म्हणून आतली तीन रुपयांची वीज साडेतीनची होते. बेरीज सात रुपयांच्या वर. त्यातही यातल्या काही टेंडरना सरकारी अनुदान आहे, म्हणजे थोडे पैसे बिलातून न जाता करातून जातात. बॅटरी दिवसातून दोनदा वापरली तर भाडं निम्म्यावर येतं, पण दुसऱ्या वेळेस ती भरायला सूर्य नसतो.

आणि हे दोन तासांचं झालं. मराठवाड्यातली उन्हाळ्याची रात्र दोन तासांची नसते.

नऊ मिनिटांचा धडा

५ एप्रिल २०२० ची रात्र आठवते? लॉकडाऊनमध्ये नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचे होते. आपण गच्चीवर मोबाइलचे टॉर्च हलवत होतो. त्या वेळी देशाची विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने पडली आणि मग तशीच वर चढली. ग्रिड पडलं नाही, कारण देशभरातल्या जलविद्युत केंद्रांनी ठरल्याप्रमाणे आपली निर्मिती झपाट्याने उतरवली आणि पुन्हा चढवली. पन्नास हर्ट्झची ती तार त्यांनी ताणून धरली. दोन दिवसांची तयारी होती आणि सगळे इंजिनिअर खुर्चीवर जागे होते.

आता देशात बसवलेलं सोलर जानेवारी २०२५ मध्येच एक लाख मेगावॅटच्या पुढे गेलं आहे. म्हणजे रोज संध्याकाळी, नऊ मिनिटांऐवजी दोन-तीन तासांत, त्या रात्रीपेक्षा मोठा डोंगर उतरतो. कुणी थाळ्या वाजवत नाही. आपण टीव्ही लावतो, एसी लावतो, मोबाइल चार्जिंगला लावतो, आणि कुठेतरी कोळशाचा बॉयलर पुन्हा भडकवला जातो.

त्या बॉयलरला हे मानवत नाही. तो एका लयीत चालण्यासाठी बांधलेला आहे. दुपारी सोलरला जागा करून द्यायला त्याला खाली आणायचं, संध्याकाळी पुन्हा वर न्यायचं. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी तर औष्णिक संचांना ४० टक्क्यांपर्यंत खाली येण्याची तयारी ठेवायला सांगितलं आहे. कमी भारावर युनिटमागे कोळसा जास्त लागतो, आणि रोज गरम-थंड होऊन नळ्यांचं आयुष्य घटतं. वर स्थिर आकार आहेच. संच तयार ठेवला की कंपनीला ते पैसे द्यावे लागतात, वीज घ्या किंवा घेऊ नका. पूर्ण वापरात हा आकार युनिटला दोन रुपये पडत असेल, तर निम्म्या वापरात तो चार पडतो. पुन्हा तोच जिन्याखालचा हिशोब.

महाराष्ट्राने हा धडा एकदा फार महागात शिकला आहे. दाभोळ. १९९३ मध्ये एन्रॉनच्या कंपनीशी करार झाला, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि मे २००१ मध्ये वीज मंडळाने ती घेणंच थांबवलं. वीज कमी उचलली तरी ठरलेला आकार द्यायचाच होता, म्हणून जितकी कमी उचलली तितकं युनिट महागलं. तेव्हा निदान विधानसभेत, रस्त्यावर, चहाच्या टपरीवर त्यावर भांडण झालं. आजचा राखीव विजेचा खर्च इतका शांतपणे बिलात मुरतो की भांडायला कुणाला सापडतच नाही.

बॅकअपला तहान लागते

इथपर्यंत वाचून काही काकालोक खूश झाले असतील. ‘बघा, आम्ही म्हणत होतो, सोलर म्हणजे फसवणूक. कोळसाच खरा.’ फॅमिली ग्रुपवर असे फॉरवर्ड मलाही येतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी लातूरला होतो. अकरावी संपून बारावीची बॅच सुरू झालेली, ट्युशन एरियात चौघांत एक खोली. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. घरमालक रोज सकाळी प्रत्येकाला दोन बादल्या मोजून द्यायचे, नंतर एक. १२ एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ आली, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी घेऊन. आठवडाभरात घरमालक म्हणाले, “पोरांनो, गावाकडं जा काही दिवस. तुमच्यामुळं नाही रे, पाण्यामुळं.” मी नांदेडला परतलो.

त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०१५ मध्ये, लातूरपासून फार लांब नसलेलं परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद करावं लागलं होतं. त्याआधी फेब्रुवारी २०१३ मध्येही तेच. कोळसा होता, माणसं होती, यंत्रं होती. खडका बंधाऱ्यात पाणी नव्हतं.

जुन्या औष्णिक केंद्रांसाठी २०१५ च्या केंद्रीय नियमातली पाण्याची मर्यादा आहे युनिटला साडेतीन लिटर. परळीचा २५० मेगावॅटचा एक संच तासाला अडीच लाख युनिट देतो. म्हणजे त्या मर्यादेवर तासाला पावणेनऊ लाख लिटर. ज्या गाडीची बातमी साऱ्या देशाने पाहिली, तिच्या पहिल्या फेरीचं सगळं पाणी त्या एका संचाला सुमारे ३४ मिनिटं पुरलं असतं.

तेव्हा काका, कोळशाचा बॅकअप आपल्या भागात रुपयांत मोजायचाच नसतो, बादल्यांत मोजायचा असतो. दुपारी सोलरचं प्रत्येक युनिट परळीसारख्या केंद्राची साडेतीन लिटरपर्यंतची तहान वाचवतं. शिवाय कोळशाचे संचही अचानक बंद पडतात, त्यांनाही बॅकअप लागतो. मी सोलरच्या विरोधात नाही. आमच्या गच्चीवर ते आहे आणि राहणार आहे. मी ‘फुकट’ या शब्दाच्या विरोधात आहे.

उसाच्या सहवीजेचं उदाहरण घ्या. साखर कारखाने हंगामात रात्रीही वीज देतात, म्हणून तो बॅकअप हिरवा वाटतो. पण ऊस काय पिऊन वाढतो? कोयनेचं पाणी घ्या. १,९६० मेगावॅटचा तो प्रकल्प महाराष्ट्राचा संध्याकाळचा सगळ्यात भरवशाचा गडी. पण पश्चिमेकडे वळवून वीज करायला वर्षाला ६७.५ टीएमसीचीच मर्यादा आहे, आणि ज्यांच्या गावांवर ते पाणी साठलं, त्यांची आंदोलनं पुनर्वसनासाठी आजही चालू आहेत. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून पाणी वर चढवून संध्याकाळी खाली सोडतो, पण जेवढी वीज घेतो त्यापेक्षा कमी परत देतो. आता सह्याद्रीत असे कितीतरी प्रकल्प येऊ घातले आहेत. वाईट नाहीत. पण फुकट एकही नाही.

मग भरतं कोण?

आता आमच्या घराकडे या. दुपारी आमचे पॅनल वीज ग्रिडला देतात, रात्री आम्ही तेवढीच वीज परत घेतो. नेट मीटर दोन्ही सारखी मानतं. एकास एक. बाबांचं महिन्याचं बिल आता स्थिर आकाराच्या आसपास येतं. ते ग्रिडला बँक म्हणतात. पण बँकेत ठेवलेले पैसे आठ तासांत दुपटीने महाग होत नाहीत. वीज होते. दुपारची स्वस्त वीज देऊन आम्ही रात्रीची महाग वीज घेतो आणि मधला फरक कंपनीच्या खर्चात जातो. तिथून तो सगळ्यांच्या दरात येतो.

हे मान्य की आमची दुपारची वीज शेजारच्याच घरात जाते, लाइनचा लॉस वाचतो, उन्हाळ्यात डीपीवरचा ताण कमी होतो. त्याचं श्रेय मिळायलाच हवं. पण ‘सगळ्यांच्या दरात’ म्हणजे कुणाच्या? ज्याला गच्ची आहे, तो सुटला. ज्या मोठ्या कारखान्याने स्वतःचं सोलर लावलं, तोही बराचसा सुटला. उरला कोण? लातूरच्या खोलीत भाड्याने राहणारा बारावीचा पोरगा, जो मालकाने ठरवलेल्या दराने युनिट मोजून पैसे देतो. वजिराबादेतला फोटोकॉपीवाला. पत्र्याच्या घरातली धुणीभांडी करणारी मावशी, जिच्या पत्र्यावर पॅनलचं वजन पेलणार नाही. आमच्या रात्रीच्या पंख्याचा थोडा खर्च ही माणसं भरतात, आणि त्यांना ते माहीत नाही. आम्हालाही सांगितलेलं नाही.

ती मावशी संध्याकाळी सातला घरी येते, तेव्हाच तिचा बल्ब, पंखा, मोबाइल चालू होतात. २०२५ च्या वीजदर आदेशात स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सवलत आहे, उद्योगांना ५ ते मध्यरात्री १२ जादा आकार आहे. दिशा बरोबर आहे, वेळेप्रमाणे भाव हीच प्रामाणिक पद्धत. पण दिवसा घरात असतं कोण, आणि वॉशिंग मशीन असतं कुणाकडे? सवलतही गच्चीवाल्यांच्याच वाट्याला.

तीन मागण्या

तक्रार करून थांबणं सोपं आहे. म्हणून मागायचं काय, ते स्पष्ट लिहितो.

पहिली, दोन भाव सांगा. कुठल्याही सोलर योजनेच्या घोषणेत दुपारच्या दराशेजारी रात्री आठच्या विजेचा दर छापा. होर्डिंगवर मावतो तो.

दुसरी, बिलात वेगळी ओळ द्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क, एवढ्या ओळी छापताच, अजून एक छापा: राखीव वीज आकार. संध्याकाळसाठी तयार ठेवलेल्या संचांचा, बॅटऱ्यांचा, धरणांचा खर्च तिथे दिसू द्या. आणि तो रात्रीच्या वापराप्रमाणे वाटा, म्हणजे आमच्यासारख्या गच्चीवाल्यांनीही आपला वाटा भरावा. महिन्याला शंभर युनिटांच्या आत राहणाऱ्यांना त्यातून सोडा. बाबा चिडतील. चिडू देत.

तिसरी, सगळ्यात स्वस्त बॅकअप आधी वापरा. तो म्हणजे काम दुपारी हलवणं. रात्री दोनला मोटर चालू करायला गेलेल्या शेतकऱ्याला साप चावल्याच्या बातम्या आपण लहानपणापासून ऐकतो. दिवसा वीज देणारा फीडर हा माणूस वाचवणारा बॅकअप आहे, आणि त्याला बॅटरी लागत नाही. सौर कृषी वाहिनीची खरी कमाई ही आहे. तीन रुपयांपेक्षा हिची जाहिरात करा.

हेच पुढे न्या. नांदेड शहराचं पाणी विष्णुपुरीतून उपसलं जातं. लातूरचं पाणी धनेगावच्या मांजरा धरणातून कित्येक किलोमीटर ढकलत आणावं लागतं. हे पंप जमेल तितके दुपारी चालवा, टाक्या दुपारी भरा, गरज असेल तर आणखी टाक्या बांधा. उंचावर भरलेली टाकी ही बॅटरीच आहे. तिला लिथियम लागत नाही आणि ती चार वर्षांत मरत नाही. पाण्यासाठी ज्या शहरात रेल्वे आणावी लागली, त्याला भरलेल्या टाकीची किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

त्या दुपारी लाइट पावणेतीनला आली. गच्चीवरचा इन्व्हर्टर ग्रिड तपासून मिनिटाभरात सुरू झाला, मोबाइलवरच्या ॲपमध्ये हिरवा बाण दिसला: वीज बाहेर चालली आहे. बाबा म्हणाले, “बघ, पुन्हा कमवायला लागलं.”

मी त्यांना हा सगळा हिशोब सांगितला. ते आयुष्यभर दुकानाची वही लिहीत आलेत. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “म्हणजे आपली उधारी दुसऱ्याच्या खात्यावर मांडली म्हण की.”

हो बाबा. आणि वही अजून कुणी उघडलेली नाही.